गाडीच्या जागेत तानपुरा

गोव्यात घराला लागून गॅरेज असतं आणि त्यात गाडी सहसा नसते. शटर वर केलं की आधी दिसते माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात ती, चौकट. मग नारळांचा ढीग, जुनी सायकल, रंगाचे अर्धे डबे, चवथीला लागणारी मोठी भांडी आणि कधीतरी लागतील म्हणून जपलेली मंगळुरी कौलं. गाडी बाहेर, फणसाच्या सावलीत. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरीही असंच होतं. त्यामुळे घर वाढवायचं ठरलं, मागे न्हाणी आणि पश्चिमेला पडवी काढायची ठरली, तेव्हा गॅरेजची खोली करायला कुणाचीच हरकत नव्हती. चौकट माळ्यावर गेली, नारळ मागच्या खोपीत.

खोली हवी होती गाण्यासाठी. मी घरी गाणं शिकवते. बाहेरच्या खोलीत संध्याकाळी मुलं येऊन बसतात, आणि नेमकी तीच वेळ कुकरची, दारात कुणी येण्याची, सासूबाईंच्या आरतीची. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई आणि मंगेशीचे अभिषेकीबुवा ज्या मातीत जन्मले, त्या मातीत गाण्यासाठी चार भिंती मागायला संकोच कसला? माझ्या दोनच मागण्या होत्या. षड्ज लावला की तो नीट ऐकू यावा, आणि तानपुरा जुलैतही सुरात राहावा. पहिली तशी सोपी. दुसरीनेच सगळ्या बांधकामाची दिशा ठरवली.

गॅरेज माणसासाठी बांधलेलंच नसतं, हे शटर काढल्यावर जास्त कळतं. त्याची जमीन घरापेक्षा पायरीभर खाली असते आणि दाराकडे उतरती असते, म्हणजे गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जावं. जमिनीखाली ओल अडवणारा थर नसतो. वर उघडा स्लॅब असतो, दुपारी तापून रात्रभर उष्णता खाली सोडत राहणारा. हवा खेळायला एखादा झरोका. आपली राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते की राहत्या खोलीची उंची निदान २.७५ मीटर असावी, आणि दमट-उष्ण प्रदेशात खिडक्या-झरोके जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावेत. थंड प्रदेशात हेच प्रमाण एक बारांश आहे. म्हणजे आमच्या पंधरा चौरस मीटरच्या गॅरेजला अडीच चौरस मीटर उघडीप हवी. होती ती एका झरोक्याची.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा परवाना हाती आल्याशिवाय कुदळ लावायची नाही, एवढं आर्किटेक्टने पहिल्या दिवशी सांगितलं आणि आम्ही ते पाळलं. नकाशावर जे गॅरेज आहे ते खोली झालं की गाडीची जागा दुसरीकडे दाखवावी लागते. ती फणसाखाली दाखवली.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे. त्यानेही आपल्या घराला लागून असलेल्या गॅरेजची खोली केली होती, त्यामुळे आमचं काम निघाल्याचं कळताच त्याचा फोन आला. "ताई, सोपं आहे. भिंतीला आतून इन्सुलेशनचे बोर्ड, त्यावर पॉलिथिनचा कागद, त्यावर जिप्सम बोर्ड. फ्लोअरलाही तसंच. माझी खोली आता हिवाळ्यात मस्त उबदार असते."

त्याच्या घरी ते अगदी बरोबर आहे. तिथल्या अशा कितीतरी गॅरेजची भिंत एका विटेच्या रुंदीची, जेमतेम दहा सेंटीमीटर. हिवाळ्यात ती उष्णता धरून ठेवूच शकत नाही. म्हणून तिथले नियम अशा भिंतीचा यू-व्हॅल्यू ०.३० पर्यंत खाली आणायला सांगतात. आत आणि बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता निसटते, त्याचा हा आकडा. कमी तितका चांगला. आता वाफेचं बघू. हिवाळ्यात त्याच्या खोलीत वीस अंश आणि पन्नास टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे जिथे वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, नऊ अंशांच्या आसपास येतो. बाहेर तीन-चार अंश. म्हणजे घरातली वाफ भिंतीत शिरली तर थंड विटेपाशी पोचताच तिचं पाणी होणार. ती आतच अडवायला हवी, म्हणून पॉलिथिन आतल्या अंगाला, उबदार बाजूला.

आमच्याकडे वारा उलट वाहतो. मे महिन्यातली बत्तीस अंशांची हवा, आर्द्रता सत्तर टक्के. तिचा दवबिंदू सव्वीसच्या जवळपास. खोलीत एसी चोवीसवर लावला, की जिप्सम बोर्डाची पाठही हळूहळू त्याच तापमानाला येते. बाहेरची दमट हवा चिऱ्यातून, म्हणजे भिंतीच्या जांभ्या दगडातून, फटीतून, वायरच्या भोकातून तिथवर पोचली की तिचं पाणी होतं. आणि तिथेच पॉलिथिन असलं, तर ते पाणी खोलीकडे सुकूही शकत नाही. बोर्डामागे साचतं, काळं पडतं, आणि खोलीतल्या माणसाला त्याचा पत्ता लागतो तो वासाने. भर पावसात आणखी एक गोष्ट घडते. पश्चिमेची भिंत झडीने भिजते, मधेच लख्ख ऊन पडतं, आणि ते ऊन भिंतीतल्या ओलीची वाफ करून ती आत ढकलतं.

भावाला हे समजावलं, तेव्हा त्याने रास्त प्रश्न विचारला. "मग तुम्ही पॉलिथिन बाहेरून लावता?" दिवसरात्र एसी चालणारी खोली असेल, तर वाफ अडवणारा थर बाहेरच्या अंगालाच हवा. पण खिडक्या उघड्या ठेवून, पंख्याखाली वापरायची खोली असेल, तर आत-बाहेर हवा एकच. तिथे भिंतीत वाफ अडवण्याचं कारणच उरत नाही. भिंतीला भिजू न देणं आणि भिजलीच तर दोन्ही अंगांनी सुकू देणं, एवढं पुरतं. आमची खोली अशीच वापरायची होती. मला वाटतं, कोकणात-गोव्यात जो कुणी गॅरेजची खोली करायला निघेल त्याने बोर्ड कोणता घ्यायचा हे नंतर ठरवावं. खोली बंद राहणार की उघडी, हे आधी ठरवावं. बाकीची उत्तरं त्यातून आपोआप येतात.

एका ठेकेदाराने मात्र दुसऱ्याच भेटीत सगळं ठरवून टाकलं होतं. भिंतींना आणि छताला आतून थर्माकोल, वर पीव्हीसीचे पॅनेल, आठवड्यात काम पुरं. स्वस्तही होतं. मी नको म्हटलं त्याला चार कारणं होती. थर्माकोल पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. विजेच्या वायरींचं पीव्हीसी आवरण थर्माकोलला लागून राहिलं, तर त्यातला मऊपणा आणणारा घटक थर्माकोलमध्ये झिरपतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. वाळवी त्याला पोखरून आपले मार्ग काढते, उंदीर त्यात घर करतात. चौथं कारण माझ्या लेखी सर्वांत मोठं: पॅनेलमागे भिंतीचं काय चाललंय ते दिसत नाही. गोव्यात भिंत डोळ्यांसमोर असावी. पावसाळ्यात तिच्याकडे रोज बघावं लागतं.

शेवटी काम सोपवलं ते गावातल्याच एका वयस्क मेस्ताला, म्हणजे गवंड्याला. तो आला, गॅरेजभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाय, आदीं उदक खंयच्यान येता तें पळोवया." पाणी कुठून येतं ते आधी बघू. आतल्या गिलाव्यावर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पांढरे क्षार फुलले होते. बाहेर वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि माती साचून अंगण गॅरेजच्या जमिनीच्या वर आलं होतं. पागोळ्या नेमक्या भिंतीच्या मुळाशी पडत होत्या. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यातलं छपरावरचं सगळं पाणी आम्ही त्या एका भिंतीला पाजत होतो. चिरा पाणी पितोच. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कणखर होतो, पण त्याची छिद्रं बुजत नाहीत. म्हणून पहिलं काम भिंतीचं झालंच नाही. अंगणाची माती खाली उतरवली, पाण्याला कुळागराकडे, म्हणजे मागच्या पोफळीच्या बागेकडे, वाट करून दिली, छपराला पन्हळ लावला. आतला सिमेंटचा गिलावा कंबरेपर्यंत खरवडून तिथे चुन्याचा गिलावा केला, म्हणजे चिऱ्यातली ओल बाहेर पडायला मोकळी. वर प्लास्टिक पेंट दिला नाही, चुनाच दिला. जुन्या घरांत शिंपल्यांच्या चुन्याच्या भिंती पाऊस गिळून पुन्हा सुकत आल्या आहेत, ते काही योगायोगाने नाही.

मग छप्पर. आमच्या खोलीचा खरा शत्रू तिथे होता, भिंतीत नव्हता. गोवा साधारण पंधरा अक्षांशावर आहे, त्यामुळे एप्रिल संपता-संपता सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. भिंतीवर ऊन तिरपं पडतं, स्लॅबवर उभं. म्हणूनच भारतात २०१८ साली आलेल्या इको-निवास संहितेत छपरासाठी स्वतंत्र मर्यादा आहे: यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको. ती संहिता मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, आमच्यासारख्या घराला लागू नाही, पण आकडा हाताशी असला की मोजता येतं. साध्या उघड्या स्लॅबचा हा आकडा साडेतीनच्या आसपास जातो. त्यावर पन्नास मिलिमीटरचा एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमचा, बोर्ड घातला, की तो ०.५५ वर येतो. हातात धरला तर कागदासारखा हलका वाटणारा हा बोर्ड दोन मीटरहून जाड काँक्रीटएवढी उष्णता अडवतो. त्यात हवा लहान-लहान बंद कप्प्यांत कोंडलेली असते, आणि अडवते ती हवाच.

आम्ही स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग केलं, त्यावर हे बोर्ड, त्यावर उताराचा कोबा. आणि या सगळ्याच्या वर लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर मंगळुरी कौलं, मधे हातभर उंच पोकळी, दोन्ही टोकांना जाळी. तीच कौलं, जी गॅरेजात इतकी वर्षं पडून होती. थोडी नवी आणावी लागली. कौलांखाली चकाकती फॉइल लावण्याचा आग्रह अनेक जण धरतात. ती चांगली, पण तिच्या एका अंगाला मोकळी हवा हवी. कौलाला किंवा बोर्डाला घट्ट चिकटवली की ती नुसता कागद होते. आमच्याकडे कौलांची सावली आणि पोकळीतून वाहणारा वारा एवढ्यानेच पुष्कळ भागलं. कोब्याला दुपारी हात लावला तरी चटका बसत नाही.

पश्चिमेच्या भिंतीला दीड मीटरची पडवी मिळाली, म्हणजे तिला आता ना झड लागते ना चारनंतरचं ऊन. जुने लोक मे अखेरीला विणलेल्या झावळ्यांचे आडोसे बांधून हेच करायचे. भिंत वाचवायची तर तिच्यापुढे उभं राहायला काहीतरी हवं.

शटरच्या जागी चिऱ्यांची भिंत उभी करताना मेस्ताने आधी उंबऱ्याची जमीन खणायला लावली. शटरखाली पाया नसतो, नुसता कोबा असतो. त्यावर भिंत चढवली तर ती खचते आणि दोन्ही कडांना उभ्या भेगा जातात. भाऊ म्हणाला, स्विंडनच्या बिल्डरनेही हेच सांगितलं होतं. एवढ्या एका बाबतीत दोन्ही देशांचं एकमत.

जमिनीचं काम मात्र वेगळं झालं. तिथे तळाला इन्सुलेशन घालतात, कारण पाय गारठतात. इथे मेमध्ये अनवाणी पायांना जमीन गार लागली तर तेवढंच सुख. आम्ही जुना कोबा सगळा उखडला. त्यात वर्षांचं इंजिन ऑइल मुरलेलं होतं, त्यावर कितीही चांगली फरशी बसवली तरी पहिल्या उन्हाबरोबर वास वर आला असता आणि फरशीही धरली नसती. मग वाळवीचं औषध, दगडांचं सोलिंग, २५० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद, नवा कोबा, वर लाल रंगाची घोटलेली जमीन. पॉलिथिन लागलं ते इथे, जमिनीखाली, कारण खालची ओल बाराही महिने वरच येत असते.

आता आवाजाकडे येते. थर्माकोल लावला की आवाज बाहेर जात नाही, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. आवाज अडतो वजनाने. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण पाच-सहा डेसिबल कमी होतात. थर्माकोलला वजनच नाही. पत्र्याचं शटर जाऊन चिऱ्यांची भिंत आली, तेव्हाच खरा फरक पडला. पण मग अडीच चौरस मीटर खिडक्या? हवा येते तिथून सूर जातोच, त्याला इलाज नाही. आम्ही मोठी खिडकी कुळागराच्या बाजूला काढली, जिथे ऐकायला पोफळी आणि मिरीचे वेल आहेत. झरोका तिच्यासमोर, उंचावर, म्हणजे वारा आरपार. शेजारच्या काकींच्या बाजूची भिंत अखंड ठेवली. त्यावर काकी म्हणाल्या, "आता तुझं गाणं ऐकू येणार नाही का गं?" मला ते मनापासून लागलं. परवानगीच्या नकाशात शेजाऱ्याचा कान कुठेच नसतो.

रिकामी खोली पहिल्या दिवशी फार गोड वाजली. त्या गोडव्यावर मी भाळले नाही. समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींमध्ये स्वर टोलवला जातो आणि शिकणाऱ्याला आपला आवाज आहे त्यापेक्षा मोठा, भरीव वाटतो. मुलांना आपला खरा आवाज ऐकू यायला हवा. एका भिंतीला वह्या-पुस्तकांचं उघडं फडताळ केलं, खाली जाड सतरंज्या टाकल्या, आणि टोल मोडला.

राहिला तानपुरा. पावसाळ्यात वाद्यांचे हाल होतात हे गोव्यातल्या प्रत्येक भजनी मंडळाला ठाऊक आहे. तबल्याची पुडी ओल धरते, सैल पडते, सूर उतरतो. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, पितळी सुरांवर गंज चढतो. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर बुरशी येते. उघड्या खोलीत हे टाळता येत नाही, कारण जुलैत बाहेर नव्वद टक्के आर्द्रता असेल तर आतही तेवढीच. म्हणून खोलीत एक बंद खोली केली: पूर्वेच्या भिंतीपासून चार बोटं सुटं, माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट, दाराला रबरी पट्टी. आमच्या बाबांच्या काळी कपाटात साठ वॅटचा बल्ब लावून ठेवत. त्यामागे साधं गणित आहे. अठ्ठावीस अंशांची, नव्वद टक्के दमट हवा तापवून एकतीस अंशांवर नेली, की पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता शहात्तरवर येते. बुरशीला साधारण याहून जास्त ओल लागते. एलईडी आले आणि ही युक्ती गेली, त्यात तापतच नाही काही. आम्ही कपाटात छोटा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, ठेवला आणि आत-बाहेर एकेक आर्द्रतामापक. गेल्या पावसाळ्यात खोलीतला काटा नव्वदीकडे झुकलेला असतानाही कपाटातला सत्तरच्या खालीच राहिला. एवढ्याशा जागेला बंद, कोरडं ठेवायला वीज लागते ती नगण्य. सगळी खोली तशी ठेवायची म्हटली असती, तर भावासारखंच थरांवर थर चढवावे लागले असते, फक्त उलट्या क्रमाने.

यंदा चवथीला तो येतोय. घर भरलेलं असेल, त्यामुळे त्याची झोपायची सोय याच खोलीत केली आहे. थंड देशात राहून त्याला रात्री सगळ्या खिडक्या लावून घ्यायची सवय झाली आहे. कुळागराकडची खिडकी बंद करायची नाही आणि कपाटाचं दार उघडं टाकायचं नाही, हे मी त्याला फोनवर आत्ताच बजावून ठेवलं आहे.